निशिकासाई, आठवा मजला

अर्विंग, टेक्सस
८ मे २००५

प्रिय ताई,
जय भीम.

परवा तू बातमी सांगितलीस आणि नेमकं तेव्हाच फोनचं कार्ड संपलं. मी पळालो असं वाटलं असेल तुला. खरंच संपलं यार. तुझा हुकूम मान्य, आजपासून पत्र. "फोनवर हॅलो हॅलो करून निसटतोस, आता कागदावर निसटून दाखव," म्हणालीस ना? हा घे कागद.

मी मामा होणार म्हणून दुकानात सगळ्यांना सांगितलं. मालक तेलुगू आहे, त्याला मामा कळतो. त्याने सोनपापडीचा डबा फोडला. तारीख उलटायला आलेला होता, पण फोडला. मग सगळ्यांनी खाल्ली आणि तांदळाच्या गोण्या मी एकट्यानेच उतरवल्या, कारण आनंद मला झाला होता. इथे महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी वादळाचा भोंगा वाजवून बघतात. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा डाळींच्या रॅकखाली जाऊन बसलो होतो. आता ढोलकी काढून त्याच्या सुरावर ताल धरतो. हे कशावरून निघालं? हां, बाळावरून.

नोव्हेंबरात तुझ्याजवळ कोण असेल, हा तुझा प्रश्न. आई असती तर प्रश्नच नव्हता. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, आणि बाबा जपानला येऊन तरी काय करणार, तुझ्यासमोर पेपर उघडून बसणार. अरुणभाऊजी ऑफिसातून येतात तेव्हा तू झोपलेली असतेस. म्हणजे माहेर म्हणून उरलो मी.

माझी अडचण तुला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या कार्यक्रमाला गायन पार्टीबरोबर ढोलकी घेऊन आलो, पार्टी परत गेली, मी राहिलो. व्हिसा कधीच संपला. आता इथून पाय बाहेर टाकला की दहा वर्षं आत घेत नाहीत. आणि असल्या माणसाला इथून जपानचा व्हिसा कोण देणार? म्हणजे आधी नागपूर, मग मुंबईहून कागद, मग तू. इथे मला कोणी विचारत नाही ताई की बारावीनंतर काय केलं. ते सोडायला मन होत नाही. तरी येतो. नोव्हेंबर लांब आहे.

तुझा,
धम्मदीप

*

निशिकासाई, टोकियो
१२ जून २००५

धम्मा,
जय भीम.

नोव्हेंबर लांब आहे हे वाक्य तू दहावीच्या परीक्षेच्या वेळीही म्हणायचास, महिना बदलून.

आमच्या एदोगावा वॉर्डात साडेसहा लाख माणसं राहतात म्हणे. आमच्या एका बिल्डिंगमध्येच आपली अख्खी गल्ली मावेल, वर जागा उरेल. पण जिन्यात आवाज नाही. सकाळी गॅलऱ्यांत गाद्या झोडतात तेवढाच. संध्याकाळी पाचला वॉर्डाच्या भोंग्यातून एक गाणं वाजतं, मुलांनी घरी जावं म्हणून. खाली सायकलीवर पुढे एक, मागे एक पोर बसवून बाया भराभर निघतात. मी आठव्या मजल्यावरून बघते. रविवारी स्टेशनपाशी आपली माणसं दिसतात, सगळी ऑफिसवाली. त्यांच्या बायका दोन वर्षांत परत जातात. मी चौथं वर्ष काढतेय.

शेजारच्या होसोदाबाईंबद्दल फोनवर सांगितलं होतं. सत्तरीच्या आहेत, एकट्या. आल्या आल्या मला कचरा शिकवला त्यांनी. जळणारा, न जळणारा, बाटल्या. एकेक वस्तू हातात धरून दाखवायच्या आणि मी चुकले की तोंडावर हात ठेवून हसायच्या. त्यांना इंग्रजी येत नाही, मला जपानी भाजीपुरतं येतं. तरी रोज दार वाजवतात, मुळ्याचं लोणचं देतात, माझ्या पोटाकडे बघून मान डोलावतात.

मंगळवारी त्या एक पुडकं घेऊन आल्या. आत पांढऱ्या सुती कापडाचा लांबच लांब पट्टा, टोकाला देवळाचा लाल शिक्का. पाचव्या महिन्यात पोटाला बांधायचा. आणि तो कुठल्याही दिवशी बांधून चालत नाही, कुत्र्याचा दिवस लागतो. त्यांच्या कॅलेंडरात तसा दिवस असतो. होसोदाबाई भुंकून दाखवत होत्या, मला आधी काही कळेना. अरुणने ऑफिसात विचारलं तेव्हा कळलं, कुत्री सुखरूप विते म्हणून तिचा मुहूर्त.

आपण लहानपणी म्हणायचो, जपान बुद्धाचा देश. इथे येऊन बघते तर कुत्र्याचा मुहूर्त. हसू येतं आणि पट्टा समोर दिसला की येत नाही. आईने जन्मभर गंडा, दोरा, शिक्का घरात येऊ दिला नाही. बाबांना विचारायची हिंमत नाही. अरुण म्हणतो, तुझं तू ठरव. तुला काय वाटतं? आणि निघण्याचं कधी बघतोस?

रोशनी

*

नेपरव्हिल, इलिनॉय
२७ जून २००५

प्रिय ताई,

पत्ता बदलला म्हणून रागावू नको. देवानंद काकांच्या मुलीचं लग्न होतं, वामनदादांच्या चालींची गाणी येणारा ढोलकीवाला हवा होता, बसने आलो. पूर्ण दोन दिवस लागले नाहीत, पण वाटलं तसं. काका नागपूरचेच, इथे मोठे इंजिनियर. शीला काकू मला जेवायला वाढतात आणि वाढता वाढता विचारतात, पुढे काय ठरवलंस? मी भाजी मागतो.

पट्ट्याचं वाचून मी तर उभाच राहिलो. ताई, हे काय विचारणं झालं? परत कर. तू पोटात असताना आईच्या ओटीला चाळीतल्या बाया आल्या, तेव्हा आईने सगळ्यांना चहा पाजला आणि नारळ परत दिले. आजी आठ दिवस बोलली नाही, तरी आई हलली नाही. बाबा अजून ती गोष्ट कार्यक्रमात सांगतात. आणि आता तिचीच लेक कुत्र्याचा मुहूर्त बघून शिक्क्याचं कापड बांधणार? दोन्ही हातांनी परत दे, जपान्यांसारखं वाक आणि मनात जय भीम म्हण. तत्त्व म्हणजे तत्त्व. देवानंद काकांनाही विचारलं, ते म्हणाले, बरोबर आहे. काकू पोळ्या करत होत्या.

येण्याचं म्हणशील तर, बेलव्ह्यूला मनोहर म्हणून एक मित्र आहे, त्याच्याकडे ऑगस्टात एक प्रोग्रॅम घेतलाय. तो करतो आणि निघतो. इथे रात्री काजवे निघतात ताई, काकांच्या लॉनवर. काकांचा नातू ते बाटलीत भरतो आणि मी त्याच्या नकळत झाकण उघडतो.

धम्मदीप

*

निशिकासाई
१९ जुलै २००५

धम्मा,

पट्टा परत केला. तू सांगितलंस तसंच, दोन्ही हातांनी, वाकून. होसोदाबाईंनी घेतला, त्याही वाकल्या, माझ्यापेक्षा जास्त. हसल्यासुद्धा. मला वाटलं संपलं.

त्यानंतर दार वाजलेलं नाही. लिफ्टमध्ये भेटलो तर त्या भिंतीकडे बघतात. मी केळी घेऊन गेले होते, त्यांनी दाराची साखळी न काढता फटीतून आभार मानले आणि केळी घेतली नाहीत. आपलं बरोबर होतं ना? मी रोज स्वतःला सांगते की बरोबर होतं.

दिवसभर घरात कोणाचाही आवाज नसतो. अरुणचं प्रोजेक्ट सप्टेंबरपर्यंत असंच आहे. तू ऑगस्टचं म्हणतोस, पण नागपूरला जाऊन कागद करायला किती वेळ लागेल याचा विचार केलायस का? आत्ता निघ, धम्मा. मी सहसा मागत नाही, तुला माहीत आहे.

रोशनी

*

निशिकासाई
१० ऑगस्ट २००५

धम्मा,

तुझं उत्तर नाही, म्हणून आणखी एक लिहिते.

मागच्या महिन्यात शनिवारी इथे बराच भूकंप झाला. तू बातम्या बघत नसशीलच. अरुण ऑफिसात होता. मी एकटी, भांडी खाली येत होती. लिफ्ट बंद पडल्या. जिन्याने खाली गेले, तासभर मैदानात उभी राहिले, लिफ्ट सुरू होईना म्हणून जिन्यानेच वर आले. आपल्याकडे काही फुटलं नाही, दोन कप सोडून.

सध्या मजेत आहे. खोली बदललीय. खिडकीतून मोठी नदी दिसते, पलीकडे पूल. जेवण ट्रॉलीवर जागेवर येतं, ताटात सगळं वेगवेगळ्या वाटीत. काम म्हणून काही नाही. इतका आराम लग्नानंतर पहिल्यांदाच. पाचचं गाणं इथेही ऐकू येतं, जरा लांबून.

अरुणने तुझ्या नावाचं आमंत्रणपत्र तयार करून बाबांकडे नागपूरला पाठवलं आहे. तुझ्या सवडीने ये.

रोशनी

*

बेलव्ह्यू, वॉशिंग्टन
९ सप्टेंबर २००५

प्रिय ताई,

तुझी दोन्ही पत्रं आज मिळाली. नेपरव्हिलला गेली होती. शीला काकूंनी एकाच पाकिटात घालून पाठवली, वर त्यांची चिठ्ठी, "आधी बहिणीला उत्तर दे, मग जेव." मी तसंच करतोय. म्हणजे थोडं खाल्लं आधी.

भूकंपाचं वाचून घाबरलो, पण दुसरं पत्र संपेपर्यंत बरं वाटलं. मोठी खोली घेतलीत, नदी दिसते, जेवण ट्रॉलीवर. अरुणभाऊजींना प्रमोशन मिळालं की काय? पूर्वी आईला पाणी द्यायला उठायचीस, आता तुला कोणी वाट्यांतून वाढून देतंय. बस मजेत. मी मनोहरला सांगितलं, माझी ताई टोकियोत राणीसारखी राहते.

मी मनोहरच्या बेसमेंटमध्ये आहे. तो सकाळी बॅज लावून सॉफ्टवेअरला जातो, मी त्याच्या शेजाऱ्यांची घरं रंगवतो. इथून जवळ एक ओढा आहे, तिथे या दिवसांत समुद्रातून मासे प्रवाहाच्या उलट पोहत येतात. मोठाले, लाल पडलेले. जिथे जन्मले तिथेच अंडी घालायला येतात म्हणे. माणसं पुलावर उभी राहून टाळ्या वाजवतात. मी दोन दिवस कामाला गेलोच नाही, पुलावरच.

होसोदाबाई रुसल्या तर रुसू दे. तत्त्वाची किंमत असतेच. ऑगस्टचा प्रोग्रॅम लांबला आणि आता धम्मचक्र दिनाचा मोठा कार्यक्रम ठरलाय, ऑक्टोबरच्या मध्यात. माझ्याशिवाय ढोलकी नाही. तो झाला की दुसऱ्या दिवशी तिकीट. तू आरामात आहेस म्हणून मीही निवांत आहे.

धम्मदीप

*

निशिकासाई
२१ सप्टेंबर २००५

धम्मा,

मला माशांचं सांगू नकोस.

ही खोली हॉस्पिटलची आहे. भूकंपाच्या दुसऱ्या दिवसापासून पोट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, बाळ लवकर बाहेर यायला बघतंय, आता उठायचं नाही. आठ आठवडे झाले मी आडवी आहे. हाताला सलाईन आहे आणि अंघोळसुद्धा विचारून. मी ते लिहिलं नाही, कारण मला वाटलं माझ्या भावाला ट्रॉलीवरून कळेल. तू राणी म्हणालास.

आता दुसरं ऐक. अरुणच्या ऑफिसातल्या एकाची बायको, उत्तरा, पुण्याची, जपानी चांगलं बोलते. ती डबा घेऊन येते. तिला मी सहज पट्ट्याचं सांगितलं, हसत हसत, तुझ्यासारखंच. ती हसली नाही. तिने विचारलं, "तो द्यायचा कोणी असतो, माहितीये का तुला?" मी म्हटलं, कोणी?

तो मुलीच्या माहेरून येतो, धम्मा. आईने द्यायचा असतो.

मग आठवलं. वसंतात होसोदाबाईंनी अरुणला लिफ्टमध्ये खुणेने विचारलं होतं, हिची आई कुठे? अरुणने वर बोट दाखवलं होतं. म्हणून त्या गेल्या असतील देवळात, या वयात. आणि मी त्यांच्या हातात परत दिला, तुझं पत्र वाचून. तुझ्या एकट्याच्या माथी मारत नाही. मीही शिक्काच बघत बसले. पण तू इतक्या लांबून इतकं ठामपणे सांगितलंस, आणि जवळ यायला तुला जमत नाही.

उत्तराने काल त्यांच्या घरी जाऊन विचारलं. भूकंपाच्या दिवशी त्या माझ्या दारापर्यंत आल्या होत्या. वाजवायला हात उचलला आणि परत गेल्या. जिची भेट परत आली तिने कुठल्या नात्याने दार वाजवायचं, म्हणाल्या. मी तेव्हा आत टेबलाखाली होते.

डॉक्टर म्हणतात, जितके दिवस पोटात राहील तितके चांगले. मी नोव्हेंबर बघेन असं मला वाटत नाही. तुला काय करायचं ते कर. कार्यक्रमाला ढोलकी लागेल, मला माहीत आहे.

रोशनी

*

बेलव्ह्यू
१ ऑक्टोबर २००५

ताई,

सकाळी पत्र आलं. मनोहर म्हणाला, बस, पाणी पी. मी बसलो नाही, आता लिहायला बसलोय.

सिॲटलहून परवाचं विमान आहे, दिल्लीमार्गे नागपूर. कार्यक्रमवाल्यांना सांगितलं दुसरा ढोलकीवाला बघा. ते म्हणाले, दोन आठवडे थांब, मग जा, नाहीतरी परत येता येणार नाही, विचार कर. मी म्हटलं, विचार करण्यातच चार महिने गेले. मनोहरने विचारलं, दहा वर्षं, नक्की? नक्की आहे की नाही ते मला माहीत नाही ताई. मला इथून जावंसं वाटत नाही हे खरं आहे. काल एका घराची अर्धी भिंत निळी केली, अर्धी राहिली, तिचंही वाईट वाटतंय. पण जातोय.

मी तुला काय आणि कसं सांगितलं ते परत परत वाचायला माझं पत्र माझ्याकडे नाही, ते तुझ्याकडे आहे. तेवढं बरं. आईने नारळ परत दिले हे मी तुला लिहिलं. पण त्या बायांना तिने आधी घरात घेतलं, चहा पाजला, बसवलं, हेही मीच लिहिलं होतं आणि मलाच दिसलं नाही. शीला काकूंना आज फोन केला. त्या म्हणाल्या, "मला त्या दिवशीच बोलायचं होतं. पण तुम्ही दोघं पुरुष तत्त्वावर बोलत होतात." मग म्हणाल्या, जा.

खालचं उत्तराताईंना दे आणि होसोदाबाईंना वाचून दाखवायला सांग.

"होसोदा आजी, मी रोशनीचा धाकटा भाऊ. पट्टा परत करायला मी सांगितलं. आमच्या घरात मुहूर्त आणि देवळाचा शिक्का मानत नाहीत, आमच्या माणसांनी त्यापायी फार सोसलंय. पण तुम्ही आईच्या जागी आला होतात हे आम्हाला कळलं नाही. मी तिचं माहेर, आणि मी लांब आहे. तुम्हाला जमलं तर तिच्याजवळ बसा. दार वाजवायला तुम्हाला नातं आहे."

धम्मदीप

*

निशिकासाई
१३ ऑक्टोबर २००५

धम्मा,
जय भीम.

हे नागपूरच्या पत्त्यावर लिहितेय. बाबांनी फोनवर सांगितलं, तू पोचलास, आणि पोचल्यापासून ढोलकी काढली नाहीस. मुंबईला व्हिसासाठी कागद दिलेस हेही सांगितलं. फोन मुद्दाम लवकर ठेवला. रडू आलं असतं आणि टाके दुखतात.

तुझं पत्र यायच्या आधीच मी होसोदाबाईंना निरोप पाठवला होता. उत्तराने त्यांना आपल्या घरातलं सगळं सांगितलं, नारळ, शिक्का, सगळं. त्या दुसऱ्या दिवशी आल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि पिशवीतून पट्टा काढला. शिक्क्याचं टोक कापून टाकलं होतं आणि तिथे हाताने बारीक शिलाई घातली होती. "कुत्र्याच्या दिवसाचं मलाही काही माहीत नाही," म्हणाल्या, "सगळे करतात म्हणून केलं." मग स्वतःचं सांगितलं. त्यांची आई युद्धात आगीत गेली. त्यांच्या वेळी पट्टा घरमालकिणीने दिला होता. नर्सने बांधू दिला नाही, पोटाला मशीनचे पट्टे होते. होसोदाबाईंनी त्याची घडी करून माझ्या कंबरेखाली सारली.

रविवारी दुपारी मुलगी झाली. अरुण वाटेत होता. होसोदाबाई होत्या. नर्सने विचारलं, या कोण, बाहेर थांबावं लागेल. मी उत्तराकडे बघितलं आणि म्हटलं, सांग, माहेरच्या. ते जपानीत काय झालं कोण जाणे. त्यांना आत घेतलं. मी त्यांचा हात किती जोरात धरला होता ते नंतर त्यांच्या मनगटावर दिसलं.

ती फार लहान आहे, धम्मा. काचेच्या पेटीत आहे. श्वासाला नळी आहे. मला दिवसातून दोनदा गोल छिद्रातून हात घालू देतात. तिची अख्खी मूठ माझ्या एका बोटावर बसते. होसोदाबाई काचेबाहेर उभ्या राहतात, त्यांना तिथपर्यंतच परवानगी आहे. तुझी चिठ्ठी काल आली, उत्तराने त्यांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितली.

तू काय सोडून आलास ते मला कळतं. बरं केलंस असं मी म्हणणार नाही, तुझं तुला ठरवू दे. व्हिसा मिळाला की ये. आल्यावर पहिले दोन दिवस कोणाला सल्ला द्यायचा नाही.

डॉक्टर हो म्हणत नाहीत आणि नाही म्हणत नाहीत. हा आठवडा जाऊ दे म्हणतात. तू येशील तेव्हा ती घरी आली असेल तर तिच्याजवळ बस. आली नसेल तर माझ्याजवळ.

ताई